परसातील पेरूंची उतरंड

सन १६१२ मध्ये बादशहा जहांगीर याच्या आज्ञेने गोव्याच्या बंदरास गेलेला मुकर्रबखान जे अपूर्व प्राणी घेऊन परतला, त्यांत एक पक्षी होता. बादशहाला त्याचे एवढे नवल वाटले की, त्याने आपल्या चितार्‍यांकडून त्याचे चित्र काढविले आणि आत्मवृत्तात त्याचे वर्णनही लिहून ठेवले. मन्सूर या विख्यात चित्रकाराचे ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. इंग्रज ज्याला टर्की म्हणतात आणि गोवेकर पोर्तुगीज नावानेच ज्याला ‘पेरू’ म्हणतात, तोच हा पक्षी. त्याचे मूळ ना तुर्कस्तानात, ना पेरू देशात. तो मेक्सिकोचा.

हा पक्षी माजावर आला की त्याचे डोके आणि मान पोवळ्यासारखी लाल होते, थोड्याच वेळात कापसासारखी पांढरी पडते आणि मध्येच पिरोजी दिसू लागते, असे जहांगीराने टिपले आहे. चोचीवरील मांसल तुरा हत्तीच्या सोंडेसारखा लोंबतो, हेही त्याच्या दृष्टीतून सुटले नाही. बादशहाने ज्याचे रंगांचा खेळ म्हणून कौतुक केले, तो वस्तुतः त्या पक्ष्याने आपल्या जातभाईंपुढे वाचलेला जाहीरनामा असतो. कळपात माझी पायरी कोणती, हे तो त्यातून सांगत असतो.

नाताळच्या मेजवानीसाठी परसात पेरू पोसण्याची रीत गोव्यात जुनी आहे. पिले सहा-सात महिन्यांची झाली की नरांत झुंजी जुंपतात. ते उड्या मारून एकमेकांना लाथाडतात आणि एकमेकांची चोच, तुरा किंवा मानेची कातडी धरून पिळतात. एखाद्याचे डोके रक्तबंबाळ झाले की घरधनी काठी घेऊन धावतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर सर्वांत दांडगा नर पहिल्यांदा सुरीखाली जातो. हे दोन्ही उपाय आम्हांस चुकीचे वाटतात. काठीने झुंज मध्येच तुटते, निकाल लागत नाही, म्हणून ती उद्या पुन्हा जुंपते. दांडग्याला काढले की त्याची जागा रिकामी होते, आणि तिच्यासाठी उरलेल्यांत नव्याने रणधुमाळी माजते.

याचे मर्म प्रथम उलगडले ते नॉर्वेच्या थोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे या संशोधकाने. घरच्या कोंबड्यांत कोण कोणाला टोचते याची नोंद तो पोरवयापासून ठेवीत असे. १९२२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने दाखवून दिले की, कोंबड्यांचे टोचणे अंदाधुंद नसते. पहिली सर्वांना टोचते, दुसरी पहिलीखेरीज बाकीच्यांना, आणि शेवटची कोणालाच नाही. ही उतरंड एकदा रचली गेली की मारामार्‍या ओसरतात, नुसती मान उंचावली तरी काम भागते. म्हणजे उतरंड हा भांडणाचा तह आहे. (या शोधाचा आधार घेऊन माणसांच्या उतरंडीचे समर्थन करणारे पंडितही पुढे निघाले, कोंबड्यांचा त्यात काही दोष नाही.)

पेरूंची तर्‍हा थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. वॉट्स आणि स्टोक्स या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी टेक्सासमधील रानपेरूंचे निरीक्षण करून १९७१ साली लिहिले की, एका विणीचे भाऊ आधी आपसांत लढून थोरला-धाकटा ठरवितात आणि मग आयुष्यभर एकजुटीने राहून इतर भावकींशी झुंजतात. म्हणून एकत्र वाढलेले भाऊ विनाकारण वेगळे करू नयेत, आणि बाजारातून आणलेला परका नर एकटा त्यांच्यात सोडणे म्हणजे तर त्याला फासावर देणेच होय. आणायचाच असेल तर त्याला आठ-पंधरा दिवस जाळीपलीकडे, सर्वांच्या नजरेसमोर ठेवावे. शक्य तर एकाऐवजी दोन-तीन पक्षी आणावेत. मार वाटला जातो.

हरलेला पेरू मान लांबवून जमिनीशी सपाट होतो, आणि जिंकणारा तेथेच थांबतो. कोनराड लोरेंझ या शास्त्रज्ञाने याविषयी एक विदारक गोष्ट नोंदविली आहे. पेरूची झुंज मोराशी झाली तर पेरू आपल्या रीतीप्रमाणे शरण जातो, पण मोराला ती भाषा कळत नाही. तो लाथा मारीतच राहतो, आणि जेवढा मार बसतो तेवढा पेरू शरणागतीत अधिक रुतत जातो.

मात्र शरण आलेल्याला दूर सरकावयास जागा हवी. रानात ती असते. आमच्या चार हातांच्या खुराड्यात ती नसते, आणि मग तहाचा वधस्तंभ होतो. दोष पक्ष्यांच्या स्वभावाचा नसून खुराडे बांधणार्‍याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दाण्याचे एकच पातेले मांडले की वरचे दोघे ते अडवून बसतात आणि शेवटचा उपाशी राहतो. पातेली तीन-चार असावीत आणि ती एकमेकांपासून दूर, एकाच्या आडून दुसरे दिसणार नाही अशी मांडावीत, पाण्याचेही तसेच. मध्ये माडाच्या झावळ्यांचा एखादा आडोसा, बसावयास एखादी आडवी बल्ली. पाठलाग नजरेआड झाला की बहुधा तेथेच संपतो. मोठ्या व्यवसायात चोचीचे टोक किंवा तुराच छाटून टाकतात. त्याने जखम कमी होते, कारण जागच्या जागी राहते.

रक्त दिसले तर मात्र तटस्थ राहू नये. लाल डागावर सगळा कळप तुटून पडतो, उतरंडीत खालचे असलेलेसुद्धा. जखमी पक्षी तत्काळ बाजूला काढावा, जखम धुवावी, पण त्याला घरामागे दूर कोंडू नये. फार दिवस दृष्टीआड राहिलेला पक्षी परत येतो तो परका म्हणूनच. जाळीआड, भावांच्या शेजारीच त्याला बरे होऊ द्यावे आणि खपली धरल्यावर तिन्हीसांजेला, सारे बल्लीवर चढल्यानंतर, हलकेच त्यांच्यात नेऊन बसवावे.