पहिल्या लेपर्ड गेकोआधीची तयारी

लेपर्ड गेको हा पालींच्या गटातला ठिपकेदार, पिवळसर प्राणी अमेरिका, ब्रिटन आणि पश्चिम युरोपात गेल्या काही दशकांत हजारो घरांत पोहोचला आहे. भाड्याच्या घरात कुत्र्या-मांजरांना मज्जाव असतो किंवा घरातल्या कोणाला केसांची ॲलर्जी असते, तेव्हा मुलांच्या हट्टापायी ज्या प्राण्यांचा विचार होतो त्यांत त्याचे नाव हमखास येते, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हा प्रश्न उभा राहतो. तो नवशिक्यांना सोयीचा मानला जातो व त्यात तथ्यही आहे, कारण तो जेमतेम वीस ते पंचवीस सेंटिमीटर लांबीचा असतो, फारसा आवाज करत नाही, माणसाच्या हाताला बराच सरावतो आणि प्रौढपणी त्याला रोज खायला घालावे लागत नाही. मात्र हा सोपेपणा त्याची राहण्याची जागा अचूक मांडली गेल्यानंतरचा आहे; ती चुकली तर हाच प्राणी कित्येक महिने गुपचूप आजारी राहतो आणि लक्षणे दिसू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. शिवाय नीट सांभाळलेला गेको पंधरा ते वीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतो, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलासाठी आणलेला प्राणी ते मूल शिक्षणासाठी घराबाहेर पडल्यावरही आई-वडिलांच्याच सांभाळात राहणार, हे धरूनच निर्णय घ्यावा लागतो.

या प्राण्याला काय लागते हे त्याच्या मूळ प्रदेशावरून कळते. त्याचे शास्त्रीय वर्णन १८५४ मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी केले, जे त्या काळी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते. युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस हे त्याचे शास्त्रीय नाव. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य भाग येथील कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर व विरळ गवताच्या माळांवर तो राहतो. वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट हे त्याचे घर नाही, हे लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण दुकानांत त्याच्यासाठी म्हणून विकली जाणारी रंगीत वाळू याच गैरसमजातून खपते. दिवसभर तो दगडांच्या कपारीत किंवा बिळात दडून असतो आणि संधिकाळी भक्ष्य शोधायला बाहेर पडतो. आपल्या घरांत दिसणाऱ्या पालीपेक्षा तो दोन बाबतींत ठळकपणे वेगळा आहे: त्याला हलणाऱ्या पापण्या असतात, म्हणजे तो डोळे मिटून झोपू शकतो, आणि त्याच्या बोटांना भिंतीला चिकटणाऱ्या गाद्या नसून केवळ नख्या असतात, त्यामुळे काचेवर त्याला चढता येत नाही. जाडजूड शेपटीत तो चरबी साठवतो व हिवाळ्यातल्या उपासमारीच्या काळात त्या साठ्यावर गुजराण करतो. जिवावर बेतल्यास ही शेपटी तुटून पडते व नवी उगवते. परंतु नवी शेपटी आखूड व कंदासारखी फुगीर असते आणि ती तयार होईपर्यंत प्राणी आपल्या साठ्याला मुकलेला असतो.

तयारीचा खरा गाभा उष्णता हा आहे. सरपटणारे प्राणी बाह्योष्मी असतात, म्हणजे शरीराचे तापमान राखण्यासाठी लागणारी ऊब ते स्वतः निर्माण न करता परिसरातून घेतात, आणि ऊब कमी-जास्त हवी असेल तसे एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतात. गेकोचे पचन, रोगप्रतिकार आणि हालचाल ही सारी या सरकण्यावर अवलंबून असतात. खाल्लेले किडे पोटात असताना शरीर गार राहिले तर अन्न पचत नाही. म्हणूनच काचपेटीत सर्वत्र सारखे तापमान ठेवून भागत नाही. तेथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उतरत जाणारे तापमान निर्माण करावे लागते. उबदार टोकाला, दिव्याखालच्या सपाट दगडाच्या पृष्ठभागावर सुमारे ३४ ते ३६ अंश सेल्सिअस, त्याच टोकाच्या लपण्याच्या जागेत साधारण ३२ अंश आणि थंड टोकाला २१ ते २५ अंश अशी मांडणी प्रौढ गेकोला मानवते. रात्री उष्णता बंद करून तापमान वीस अंशांच्या आसपास उतरू देणे हेही त्याच्या मूळ प्रदेशाला धरूनच आहे. एवढा फरक छोट्या पेटीत साधत नाही, कारण एका बाजूची ऊब लगेच दुसरीकडे पसरते. पूर्वी सांगितल्या जाणाऱ्या छोट्या टाक्यांऐवजी आता निदान ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशा पेटीची शिफारस केली जाते, त्यामागे हालचालीला मोकळीक देण्याइतकेच हेही कारण आहे.

उष्णतेचे साधन कोणतेही असो, त्याला थर्मोस्टॅट जोडलेला नसेल तर ते वापरू नये, या बाबतीत सवलतीला जागा नाही. थर्मोस्टॅट म्हणजे संवेदकाने तापमान मोजून दिव्याची किंवा गादीची वीज आपोआप कमी-जास्त करणारे उपकरण; ते नसताना पेटीखाली लावलेली गरम गादी चाळीस अंशांच्या पलीकडे सहज जाते आणि पोट टेकून बसलेला गेको जागचा न हलता भाजू शकतो. विजेवर तापणारे कृत्रिम दगड याच कारणासाठी टाळावेत. बरेच अनुभवी पालक आता वरून उष्णता देणारा हॅलोजन दिवा पसंत करतात, कारण त्यातली अवरक्त किरणे त्वचेखालपर्यंत पोहोचतात आणि दिव्याखालचा दगड उन्हातल्या खडकासारखा तापतो. पेटीच्या काचेला चिकटवायचे गोल तबकडीचे तापमापक बहुधा चुकीचे आकडे दाखवतात. त्यांऐवजी तारेच्या टोकाला संवेदक असलेले दोन डिजिटल तापमापक आणि पृष्ठभागाचे तापमान दुरून मोजणारे अवरक्त यंत्र घ्यावे. सर्व सामान जोडून झाल्यावर पेटी किमान आठवडाभर रिकामीच चालवावी, सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत नोंदवावेत, दिव्याची उंची किंवा थर्मोस्टॅटचा आकडा बदलून पुन्हा मोजावे, आणि सलग काही दिवस आकडे स्थिर राहिले तरच प्राणी आणण्याचा दिवस ठरवावा. दुकानातून पेटी आणि गेको एकाच दिवशी घरी आणण्याची जी सर्रास पद्धत आहे, तिच्यामुळे चुका दुरुस्त होईपर्यंतचा सारा त्रास त्या मुक्या जिवाला सोसावा लागतो.

पेटीत लपण्याच्या तीन जागा हव्यात: एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला आणि एक ओलसर. पहिल्या दोन का हव्यात हे सहज समजते, कारण एकच आडोसा असेल तर भित्रा प्राणी ऊब सोडेल पण आडोसा सोडणार नाही. तिसरीचे महत्त्व कात टाकताना कळते. पेटीतली हवा कोरडी, साधारण ३० ते ४० टक्के आर्द्रतेची असावी लागते, परंतु कात सुटण्यासाठी त्याच प्राण्याला ओलावा लागतो. मूळ प्रदेशात जमिनीखालच्या बिळात तो मिळतो, पेटीत त्यासाठी झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओले शेवाळ किंवा ओला कागद ठेवतात. कात टाकण्याच्या आदल्या दिवशी गेको पांढुरका, धुरकट दिसू लागतो, मग तोंड दगडावर घासून कातडी सोडवतो आणि मोज्यासारखी ओढून काढत ती खाऊनही टाकतो. ओलावा अपुरा असला तर बोटांच्या टोकांना कातडीची बारीक, जवळजवळ पारदर्शक कडी अडकून राहते. ती सुकून आवळत जाते, रक्तपुरवठा तोडते आणि काही खेपांनंतर ते बोटच गळून पडते. कात टाकून झाल्यावर प्रत्येक बोट उजेडात निरखून पाहणे आणि कडी दिसल्यास पाय कोमट पाण्यात भिजवून ओल्या कापसाच्या बोळ्याने ती हलकेच सोडवणे, हे काम पालकाने पहिल्याच खेपेपासून अंगवळणी पाडून घ्यावे.

तळाशी काय पसरावे याबद्दल मतभेद आहेत. कॅल्शियमयुक्त म्हणून विकली जाणारी वाळू गिळली गेल्यास आतड्यात साचू शकते, त्यामुळे ती टाळण्याबाबत बहुतेकांचे एकमत आहे. माती आणि वाळू यांचे घट्ट बसणारे मिश्रण, त्यावर सपाट दगड, ही मांडणी नैसर्गिक जमिनीच्या अधिक जवळची ठरते. तरीही पहिले काही आठवडे साधा कागदी रुमाल पसरावा, कारण त्यावर विष्ठा स्पष्ट दिसते आणि नव्या प्राण्याच्या प्रकृतीचा सर्वांत भरवशाचा पुरावा तोच असतो.

अतिनील किरणांच्या दिव्याबाबत जुने पालक अजूनही साशंक असतात, कारण संधिकाळी वावरणाऱ्या प्राण्याला उन्हाची गरज काय, असा त्यांचा प्रश्न असतो. कातडीवर पडणाऱ्या अतिनील ब किरणांपासून ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्या जीवनसत्त्वाशिवाय अन्नातले कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही. गेकोच्या शरीरातही अल्पकाळ मिळालेल्या अशा किरणांमुळे हे जीवनसत्त्व वाढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून सौम्य शक्तीची नळी पेटीच्या उबदार बाजूला लावावी आणि सावलीत सरकण्याची मुभा प्राण्याला ठेवावी, हे धोरण शहाणपणाचे वाटते. फिकट डोळ्यांच्या वर्णहीन वाणांना मात्र तीव्र प्रकाश सोसत नाही, त्यांच्यासाठी सावली वाढवावी लागते.

गेको केवळ कीटक खातो; फळे व भाजीपाला त्याच्या उपयोगाचा नाही. रातकिडे, डुबिया जातीची झुरळे आणि मीलवर्म या अळ्या हे त्याचे रोजचे अन्न असून वॅक्सवर्म ही चरबीयुक्त अळी क्वचितच द्यावी. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. पिल्लांना रोज, तर प्रौढांना आठवड्यातून दोन-तीनदा खायला घालतात. शिकारीचा क्षण पाहण्यासारखा असतो: मान ताणून, डोळे किड्यावर रोखून प्राणी पावलापावलाने पुढे सरकतो, शेपटीचे टोक वेगाने थरथरते आणि झेप इतकी झटकन होते की रातकिड्याचे पाय जबड्याबाहेर हलताना दिसल्यावरच ती झाल्याचे कळते. परंतु या किड्यांत एक उणीव असते. सरपटणाऱ्या प्राण्याला फॉस्फरसच्या जवळपास दुप्पट कॅल्शियम लागते आणि रातकिड्यांत नेमके उलट, फॉस्फरस कितीतरी पटींनी अधिक असतो. ही तूट भरली नाही तर शरीर हाडांतलेच कॅल्शियम काढून घेते, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, आणि हा चयापचयजन्य अस्थिविकार पाळीव गेकोंच्या सर्वांत दुःखद आजारांपैकी एक आहे, कारण तो जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो. त्यासाठी किड्यांना देण्याआधी एक-दोन दिवस गाजर, पालेभाज्या, धान्याचा कोंडा असे सकस खाद्य घालावे आणि देताना त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. म्हणजे गेकोबरोबरच रातकिड्यांचाही एक डबा घरात सांभाळावा लागतो, आणि ज्या घराला हे मानवणार नाही त्याने ही गोष्ट आधीच मान्य केलेली बरी.

प्राणी निवडताना रंगाचा मोह आवरावा लागतो. बंदिस्त पैदाशीतून निवडक संकराने असंख्य वाण तयार झाले असून त्यांतील काहींची किंमत प्राण्याने आपल्या आरोग्याने मोजलेली आहे. एनिग्मा या वाणात तोल जाणे, डोके वाकडे होणे, गोल गोल फिरणे अशी मज्जासंस्थेची लक्षणे आढळतात. लेमन फ्रॉस्ट या लखलखीत वाणाबद्दल २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात, त्याचा रंग ज्या जनुकीय बदलाशी जोडलेला आहे त्याच्याशीच त्वचेच्या रंगपेशींचे ट्यूमरही जोडलेले असून या वाणाच्या ८० टक्क्यांहून अधिक प्राण्यांना ते होतात, असे दिसून आले. अशा वाणांना गिऱ्हाईक मिळत राहील तोवर त्यांची पैदासही होत राहील, म्हणून ते विकत न घेणे हे पालकाचे कर्तव्य ठरते. निरोगी प्राण्याची शेपटी भरदार, डोळे स्वच्छ, बोटे पूर्ण आणि चाल पोट उचलून असते. एका पेटीत एकच गेको ठेवावा. दोन नर एकमेकांना गंभीर जखमा करतात आणि दोन माद्यांतही दुबळी उपाशी राहते. नर की मादी हे या प्राण्यात अंड्याला मिळालेल्या उष्णतेवर ठरते, सुमारे २६ अंशांना बहुतेक माद्या, ३२-३३ अंशांना बहुतेक नर आणि त्याहून अधिक उष्णतेत पुन्हा बहुतेक माद्या, ही त्याची विलक्षण गोष्ट. उष्णतेची सत्ता या जिवावर अंड्यापासूनच चालते.

भारतातल्या वाचकासाठी चित्र निराळे आहे. याच प्रजातीतली युब्लेफॅरिस फस्कस ही जाती गुजरात-महाराष्ट्रात आढळते आणि सातपुड्यातून झीशान मिर्झा, राजेश सानप व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस या नव्या जातीचे वर्णन केले. खेडोपाडी हे प्राणी विषारी समजून मारले जातात, वास्तविक त्यांच्या चाव्यात विष नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अनुसूचीतील वन्यप्राणी पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा असून, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने या अनुसूचींची फेरमांडणी झाली आहे. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबून येथे गेको घेऊ नये, आणि रानातला तर कदापि उचलू नये. ऑस्ट्रेलियातही परदेशी सरपटणारे प्राणी घरी पाळण्यास मनाई आहे, त्यामुळे तेथील मराठी कुटुंबांनी अमेरिकेतल्या नातलगांचे पाहून हा बेत आखू नये.

प्राणी येण्याआधी दोन गोष्टी उरतात. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य शोधून त्याची वेळ आणि फी विचारून ठेवावी, कारण कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर गेको हाती घेत नाही; पहिल्या महिन्यातच विष्ठेची तपासणी करून घ्यावी, विशेषतः क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीसाठी, ज्याने शेपटी काडीसारखी वाळत जाते. दुसरे, साल्मोनेला हे जिवाणू निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या विष्ठेतही असू शकतात, म्हणून पाच वर्षांखालील मुले किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली व्यक्ती घरात असेल तर हा बेत पुढे ढकलावा. इतरांनी प्रत्येक हाताळणीनंतर साबणाने हात धुवावेत आणि पाण्याच्या वाट्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुऊ नयेत. गेको घरी आल्यावर पहिले दोन आठवडे त्याला हातात घेऊ नये, फक्त पाणी बदलावे, खायला ठेवावे आणि बाजूला व्हावे; या काळात तो दोन-चार दिवस जेवला नाही तरी घाबरण्याचे कारण नसते. त्यानंतर दर आठवड्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवलेल्या वेगळ्या डिजिटल काट्यावर त्याचे वजन ग्रॅममध्ये करून त्याच वहीत लिहावे, ज्यात रिकाम्या पेटीचे आकडे लिहिले होते, आणि प्रौढ प्राण्याचे वजन काही आठवडे सलग उतरत असेल तर शेपटी बारीक दिसण्याची वाट न पाहता ती वही घेऊन पशुवैद्याकडे जावे.