गप्प बसलेली माणसं

उतारवय : लेखांक ६

मागच्या लेखात आपण म्हातारपणातल्या एकाकीपणाबद्दल बोललो. आजचा विषय वरवर तसाच दिसतो, आणि म्हणूनच तो वेगळा काढून पाहायला हवा.

ऐंशीच्या घरातली आई हल्ली लग्नामुंजींना जायचं टाळते. भिशी सोडते. दुपारी गॅलरीत बसून कुंडीतल्या कढीपत्त्याला फुटलेली पालवी न्याहाळत राहते. मुलं धास्तावतात. ज्येष्ठ नागरिक संघात तिचं नाव घालू या, निदान सहलीला तरी पाठवू या, अशी बोलणी सुरू होतात. काळजी खरीच असते. पण चांगलं म्हातारपण म्हणजे चाळिशीतली धावपळ जमेल तितकी पुढे रेटणं, हे त्यात न बोलता धरून चाललेलं असतं.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ लार्स टॉर्नस्टाम यांनी नेमकं हेच तपासायला घेतलं. १९६१ मध्ये कमिंग आणि हेन्री या अभ्यासकांनी मांडलं होतं की, वय वाढलं की माणूस आणि समाज हळूहळू एकमेकांपासून दूर होतात, आणि ते स्वाभाविक आहे. त्यावर टीका करणारे म्हणाले, छे, म्हाताऱ्यांना कामात गुंतवा. टॉर्नस्टाम यांना दोन्ही मतांत मध्यमवयीनांची नजर दिसली. म्हाताऱ्या माणसांना स्वतःला काय वाटतं, हे विचारणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं. १९८९ पासून त्यांनी मांडलेल्या विचाराला ‘जेरोट्रान्सेन्डन्स’ असं नाव आहे. वयाबरोबर माणूस ‘मी’च्या पलीकडे सरकू शकतो, आणि ही घसरण नसून वाढीचाच पुढचा टप्पा आहे, असं त्याचं सार.

१९९० मध्ये त्यांनी डेन्मार्कमधल्या ७४ ते १०० वर्षांच्या ९१२ जणांना, पन्नाशीतल्या स्वतःशी तुलना करून उत्तरं द्या, असं सांगितलं. वस्तूंची ओढ कमी झाली का? जगणं आणि मरणं यांतली सीमारेषा पूर्वीइतकी ठळक वाटते का? मागच्या पिढ्यांशी नातं घट्ट झालं का? असे ते प्रश्न होते. ज्यांच्यात हा बदल जास्त दिसला, ते आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. शिवाय ते कोपऱ्यात जाऊन बसलेलेही नव्हते. माणसांत मिसळत होते, पण कुणात आणि किती हे आपलं आपण ठरवत होते. मला या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. अर्थात पन्नाशीतलं मन आठवून दिलेली उत्तरं थोडी बेतानंच घ्यावी लागतात, आणि बदलामुळे समाधान आलं की समाधानामुळे बदल, हेही त्यातून ठरत नाही.

पुढे मुलाखती घेताना टॉर्नस्टाम यांना एक परिचारिका भेटली. पूर्वी आपण नदीत सापडून वाहवत जात होतो, आता आपणच नदी आहोत असं वाटतं, अशा अर्थाचं ती बोलली. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या पत्नी जोन यांनीही आपल्या नव्वदीत, पतीने सांगितलेल्या आयुष्याच्या आठ टप्प्यांना नववा जोडताना टॉर्नस्टाम यांच्या विचाराची दखल घेतली. हा नववा टप्पा मांडणारं पुस्तक १९९७ मध्ये आलं.

स्वीडनमध्ये बार्ब्रो वाडेन्स्टेन यांनी टॉर्नस्टाम यांच्या विचारावरून वृद्धाश्रमांतल्या कर्मचाऱ्यांसाठी साध्या सूचना तयार केल्या. शांत बसलेल्या माणसाला आजारी समजू नका. दरवेळी बोलणं दुखण्याखुपण्यावर नेऊ नका. ‘काय करता?’ याऐवजी ‘मनात काय चाललंय?’ असं विचारा. मरणाचा विषय निघाला तर तो झटकून टाकू नका. आपल्याकडे या शेवटच्या जागी हमखास चूक होते. आजोबा ‘माझ्यानंतर’ म्हणाले की आपण लगेच ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणतो, आणि त्यांचं महत्त्वाचं बोलणं तिथेच थांबतं.

पण गप्प बसलेला प्रत्येक जण समाधानी असतो, असं समजणंही घातक ठरेल. भूक मेली, झोप उडाली, आवडत्या गोष्टीतलाही रस गेला, ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ असं बोलणं आलं, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पालवीकडे पाहताना ज्यांचा चेहरा खुलतो, त्यांची गोष्ट वेगळी. आणखी एक कारण तर कुणाच्या लक्षातच येत नाही : चार माणसांत बोललेलं नीट ऐकू येत नाही, म्हणूनही कित्येक जण लग्नाला जायचं टाळतात. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.