कोकणात बांधकामाला जाताय? हिशेबाची वही सोबत न्या

दिवाळी झाली, कापूस-सोयाबीन घरात आले, की आमच्या परभणीच्या कापडबाजारात दोन तऱ्हेची गिऱ्हाइके येतात. एक लग्नसराईची. दुसरी, जाड चादरी, सतरंजी आणि मुलांना एकेक स्वेटर घेऊन "शेठ, वहीत मांडा, मृगाला देतो" म्हणणारी. ही दुसरी मंडळी गाव सोडून कामाला निघालेली असतात. पूर्वी त्यांची वाट ऊसतोडीची, नाहीतर पुण्या-मुंबईची असे. अलीकडे जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडची काही कुटुंबे रायगड, रत्नागिरीच्या खेड्यांत घरबांधणीच्या कामावर जाताना आम्ही पाहतो. तेव्हा या वाटेचा नफा-तोटा व्यापाऱ्याच्या नजरेने मांडावा, असे वाटले.

काम तेथे का आहे?

कोकणातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आणि आखाती देशांत जातो. त्याचा पैसा गावी येतो आणि गावी आलेला पैसा पहिल्याने घरात घातला जातो. महाड, म्हसळा, श्रीवर्धन, खेड, चिपळूण या भागांतील मुस्लिम मोहल्ल्यांतून फिरले तर हे डोळ्यांना दिसते. घर बांधणारा मालक आहे, पैसा आहे, परंतु काम करणारे हात गावात कमी. म्हणून बाहेरचा गवंडी, सेंटरिंगवाला, फरशीवाला, रंगारी आणि बिगारी तेथे लागतो. कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहारचे मजदूर तेथे आहेतच. आपला माणूस गेला तर भाषेची अडचण नाही, ही त्याची जमेची बाजू.

आपला कारागीर तेथे नवशिका ठरतो

एक गोष्ट मात्र निघण्यापूर्वी समजून घ्यावी. परभणीचा चांगला मिस्त्रीदेखील कोकणात पहिला महिना शिकाऊच असतो. आपल्याकडे काळी माती. ती पावसाने फुगते, उन्हाने भेगाळते. म्हणून पाया खोल मुरुमापर्यंत न्यावा लागतो आणि भिंत विटांची. कोकणात जांभ्याचा कातळ अनेक ठिकाणी वरच असतो. पाया फार खोल न्यावा लागत नाही, पण जमीन उताराची असल्याने माती अडवणारी भिंत आधी घालावी लागते. भिंत चिऱ्यांची. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागून कठीण होतो. तो तासून बसवावा लागतो आणि विटेसारखा एका हाताने उचलता येत नाही. छपरेही बरीचशी उतरती, कौलारू. ज्याला चिरा तासणे आणि उतरते छप्पर जमते, त्याचा रोज वाढतो. ज्याला जमत नाही, तो गवंडी असूनही बिगारीच्या रोजावर राबतो.

दुसरी गोष्ट हंगामाची. परभणीला वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आत, कोकणात तीन हजारांच्या वर. त्यामुळे बाहेरचे काम दसरा-दिवाळी ते मे अखेर एवढेच चालते. मृगाच्या आत छप्पर पडलेच पाहिजे, म्हणून एप्रिल-मेमध्ये कामाची घाई असते आणि रोजाची घासाघीस करायची तर तीच वेळ. आपल्या खरिपाच्या पेरणीला परतायचीही वेळ तीच. म्हणजे शेतीवाल्या माणसाला हा हंगाम नेमका जुळतो.

जाण्याची वाट अशी: परभणीहून रेल्वेने कल्याण, तेथून दिवा, आणि दिव्याहून सावंतवाडीची पॅसेंजर. माणगाव, वीर, खेड, चिपळूण, रत्नागिरी ही स्थानके याच कोकण रेल्वेवर आहेत. १९९८ साली हा मार्ग पूर्ण सुरू झाला.

तोटा कोठे होतो?

तोटा कामात नाही, उचलीत आहे. मुकादम गावात येतो, जोडप्याला आगाऊ रक्कम देतो आणि घेऊन जातो. आठवड्याला खर्ची देतो आणि बाकी हिशेब "शेवटी बघू" म्हणतो. समजा, नवरा गवंडी ८०० रुपये रोजाने आणि बायको बिगारी ५०० रुपये रोजाने लागली. दोघांचा रोज १,३०० झाला. सहा महिन्यांत कामाचे दिवस १५० धरले तर कमाई १,९५,००० रुपये. त्यातून आठवड्याला ३,००० प्रमाणे २६ आठवड्यांची खर्ची ७८,००० आणि उचल ४०,००० वजा केली, तर हातात ७७,००० रुपये यावेत. आता मुकादमाने १५० ऐवजी १२५ दिवस धरले, तर ३२,५०० रुपये एका वाक्यात गेले. जोडप्याजवळ कागद नाही, मग कोणत्या तोंडाने भांडणार?

ही कल्पना नाही. आमच्या वहीत जिंतूरकडील एका गवंड्याचे खाते आहे. माणूस इमानदार. तीन वर्षांपूर्वी बायको आणि दोन मुलांना घेऊन गेला, मृगाला परतला तो उलट मुकादमाचे सात हजार देणे घेऊन. किती दिवस भरले ते त्याला तोंडपाठ होते, पण लिहिलेले कोठेच नव्हते. ते सात हजार फेडण्यासाठी पुढच्या दिवाळीला त्याच मुकादमाबरोबर जावे लागले आणि मोठ्या मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. आमची उधारी त्याने दोन वर्षांनी फेडली. आम्ही व्याज घेत नाही, पण त्या मुलीची दोन वर्षे कोण फेडणार?

आम्हा मुसलमानांना तर याबाबत सबब सांगायला जागा नाही. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाज-रोजाविषयी नसून उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि त्यावर साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. आम्ही ती तिलावतीत वाचतो आणि व्यवहारात विसरतो.

काय करावे?

पहिले, उचल न घेता जाता आले तर जावे. घरचा एक कर्ता माणूस आधी एकटा जाऊन महिनाभर काम आणि ठेकेदार पाहून येईल, मग कुटुंब न्यावे. उचल घेणे भागच असेल तर रक्कम, दोघांचा वेगवेगळा रोज आणि परतीचे भाडे कोणाचे, हे कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

दुसरे, दहा-वीस रुपयांची वही घ्यावी. रोज संध्याकाळी तारीख, जागा, कोणाचे किती काम, किती खर्ची मिळाली, एवढे चार रकाने भरावेत. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, स्वतःला येत नसेल तर मुलाकडून लिहवून घ्या. दर आठवड्याला मुकादमाची सही घ्यावी. तो सही देत नसेल तर पहिल्याच आठवड्यात त्याची नियत कळली, हाही फायदाच.

तिसरे, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. वय १८ ते ६० असावे आणि मागील वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला लागतो. येथेही वहीच कामी येते. नोंदणीचे नूतनीकरण विसरू नये. मंडळाच्या योजनांत कामावर मृत्यू झाल्यास वारसास ५ लाख रुपये, पहिली ते सातवीच्या मुलांना वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीला ५,००० रुपये असे साहाय्य ठेवलेले आहे. रकमा बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी विचारून घ्यावे. ही नोंदणी परभणीत करा की रत्नागिरीत, मंडळ एकच आहे. सिंधुदुर्ग ओलांडून गोव्यात गेलात तर मात्र मंडळ निराळे.

येथे एक धोका ध्यानात ठेवावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले ५० लाखांपर्यंतचे घर किंवा दहापेक्षा कमी मजुरांचे काम बांधकामाच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. पूर्वी घरांसाठी ही मर्यादा १० लाखांची होती. खेड्यातील बहुतेक घरे या सवलतीत बसतील. म्हणजे जेथे कायद्याचा आधार पातळ, तेथे लिखापढी अधिक घट्ट हवी.

चौथे, रेशन आणि शाळा. रेशनकार्ड आधारशी जोडलेले असेल तर 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत कोकणातील दुकानातूनही धान्य मिळते. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ही सोय ऑगस्ट २०१९ मध्येच सुरू झाली होती. मुले सोबत नेणार असाल तर गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावे. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. रायगड-रत्नागिरीत जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा बऱ्याच गावांत आहेत. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, म्हणून सांगतो, मुलाचे माध्यम वर्षाच्या मध्ये बदलू नका. मोहल्ल्यात कामाची चौकशी करताना शाळेचीही करा. आजी-आजोबा गावी असतील आणि मुलांची हंगामी वसतिगृहाची सोय गावातच होत असेल, तर मुलांना मागे ठेवणे अधिक बरे.

शेवटी आमच्या व्यापारी भावांना एक विनंती. हा माणूस जाताना आपल्याच दुकानातून सतरंजी नेतो. ती देताना सोबत एक कोरी वही द्या आणि चार रकाने आखून द्या. दोन फेब्रुवारीला तुराबुल हक साहेबांच्या उर्साला जे परततील, त्यांना वही दाखवायला सांगा. त्याचा हिशेब सरळ राहिला तर आपली उधारीही वेळेवर वसूल होईल. यात सवाबही आहे आणि व्यापारही.