गडद जांभळट निळा रंग : काम घेण्यापूर्वी हिशेब करा

घराची बैठक असो की दुकान, एखादी भिंत पिकलेल्या जांभळासारख्या गडद निळ्या-जांभळ्या रंगात हवी, अशी मागणी गिऱ्हाईक करते. हा रंग उठावदार दिसतो यात शंका नाही. परंतु फिकट रंगाच्या दराने हे काम अंगावर घेणारा रंगारी बहुधा तोट्यात जातो. असे का होते, हे समजून घेतले पाहिजे.

फिकट रंगात टिटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे द्रव्य भरपूर असते. खालची भिंत झाकण्याचे काम मुख्यतः तेच करते. गडद छटेत ते जास्त घातले तर रंगच फिका पडतो. म्हणून अशा छटेसाठी दुकानदार ते द्रव्य अगदी कमी असलेला किंवा मुळीच नसलेला बेस वापरतो. त्यामुळे डब्यात गडद दिसणारा रंग पांढऱ्या प्रायमरवर विरळ बसतो व रोलरचे पट्टे दिसतात. दोन हातांत संपणारे काम तीन-चार हातांवर जाते.

हिशेब करून पाहा. भिंत १२ फूट रुंद व १० फूट उंच, म्हणजे १२० चौरस फूट. दोन हातांना २४० चौरस फूट रंगकाम होते, चार हातांना ४८०. दर मात्र दोन हातांचा ठरलेला! म्हणजे मजुरीही दुप्पट आणि मालही दुप्पट. तेव्हा दर हातावर ठरवावा. प्रायमर पांढरा न ठेवता करडा करून घ्यावा; त्याने एखादा हात वाचतो.

भिंत कोरडी असणे फार महत्त्वाचे. नव्या गिलाव्याला किमान महिनाभर सुकू द्यावे. ओल असेल तर पांढरा खार फुटतो. पांढऱ्या भिंतीवर तो लपतो, गडद भिंतीवर लगेच डोळ्यात भरतो.

चुन्याच्या भिंतीवर रंगद्रव्य पारखून घ्यावे. प्रशियन ब्लू चुन्यात टिकत नाही, तो तपकिरी पडतो. कपड्याच्या निळीतील अल्ट्रामरीन चुन्यात टिकते, पण आम्लाने उडते. १९३५ पासून बाजारात असलेला थॅलो ब्लू दोन्हींत टिकतो.

लागणारे सर्व डबे आधी एका पिंपात एकत्र करून ढवळावेत, म्हणजे डब्याडब्यातील फरक दिसत नाही. मधेच डाग पुसायला लावलेला ठिपका या रंगात वेगळा दिसतो. त्यासाठी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत पुन्हा रंगवावी लागते. मॅट रंगावर हात किंवा खुर्ची घासली की पांढुरके ओरखडे उठतात. वावराच्या जागी थोडी चमक असलेला रंग बरा. मात्र चमकेत पुट्टीचा उंचसखलपणा दिसतो, म्हणून पॉलिश पेपर नीट मारावा.

हा रंग प्रकाश शोषून घेतो. पांढरी भिंत बराचसा प्रकाश परत फेकते, ही भिंत अगदी थोडा. पिवळ्या दिव्याखाली जांभळट झाक हरवून ती काळपट दिसते. म्हणून दोन फुटी फळीवर नमुना रंगवून, गिऱ्हाइकाच्याच जागी, दिवसा आणि रात्रीच्या दिव्यातही दाखवावा व मगच होकार घ्यावा.

पितळी भांडी, चांदी वा जरीचे काम या रंगापुढे खुलून दिसते. दुकानात मालामागची एक भिंत अशी करून बाकीच्या भिंती व छत पांढरे ठेवावे. पण शिंप्याच्या किंवा जरी कारागिराच्या कामाच्या खोलीत हा रंग नको. तेथे प्रकाश कमी झाला की डोळ्यांवर ताण येतो आणि धाग्याची छटा जुळवताना चूक होते.

शेवटी, शेड नंबर, हातांची संख्या, दर व पुन्हा रंगविण्याची अट कागदावर लिहून दोघांनी सही करावी. काम संपल्यावरचा वाद टळतो आणि कारागिराची मजुरी त्याच्या पदरात पडते.