शिक्षण, काम आणि दाम (लेखांक 6) : एकसष्ट हजार शाळा

‘एवढं शिकून काय कलेक्टर होणार आहेस?’ हे वाक्य आपल्या खेड्यापाड्यांतल्या किती पोरांनी ऐकलं असेल! ते म्हणणारा बाप शिक्षणाचा वैरी नसतो. पोरगं शाळेत गेलं की आजची मजुरी बुडते, हे त्याला स्वच्छ दिसतं. दहा वर्षांनी हातात चार पैसे जास्त पडतील, याची हमी मात्र कुणी देत नाही. त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला पुराव्यानिशी उत्तर मिळायला हवं.

मागच्या लेखात आपण अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांचं सूत्र पाहिलं. शिक्षणाचं एकेक वर्ष वाढलं की कमाई काही टक्क्यांनी वाढत जाते, असं ते सांगतं. पण जास्त शिकलेला जास्त कमावतो, एवढंच त्यातून दिसतं. शिकला म्हणून कमावतो, हे सिद्ध होत नाही. ज्यांच्या घरी बरं चाललंय, जी शहराजवळ राहतात, जी मुळातच हुशार आहेत, तीच मुलं बहुधा पुढे शिकतात. शिकली नसती तरी ती इतरांच्या पुढेच राहिली असती. मग शाळेचा वाटा किती आणि घराचा किती? चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं शाळेत पाठवायची आणि निम्मी घरी ठेवायची, हा प्रयोग कुणी करू नये.

इंडोनेशियात तो कुणी न ठरवता घडला. 1973 च्या अखेरीस जगात तेलाचे भाव भडकले आणि तेल विकणाऱ्या या देशाच्या तिजोरीत पैसा आला. सुहार्तो सरकारने त्यातला बराच पैसा प्राथमिक शाळांवर लावला. राष्ट्राध्यक्षांच्या थेट आदेशाने चालणाऱ्या या योजनेला ‘इनप्रेस’ म्हणत. 1973-74 ते 1978-79 या काळात 61 हजारांहून अधिक शाळा उभ्या राहिल्या. एकेक शाळा तीन शिक्षक आणि 120 मुलं एवढ्या बेताची. कोणत्या जिल्ह्याला किती शाळा द्यायच्या, याचा नियमही साधा होता: 1972 मध्ये जिथे शाळेबाहेरची मुलं जास्त, तिथे शाळा जास्त. सात ते बारा वयाच्या मुलांपैकी 1973 मध्ये 69 टक्के शाळेत होती. 1978 पर्यंत हे प्रमाण 83 टक्क्यांवर गेलं. (निदान बाराव्या वर्षापर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, असं जोतीराव फुल्यांनी 1882 मध्येच हंटर आयोगाला सांगितलं होतं. आपल्या देशात शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला 2010 उजाडलं. या दिरंगाईत किती पिढ्या वाया गेल्या, याचा विचार केला की जीव कळवळतो.)

अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या शाळांचा हिशेब मांडला. त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एकाच जिल्ह्यातले दोन पुरुष घ्या. एक 1974 मध्ये तेरा वर्षांचा, म्हणजे गावात शाळा आली तेव्हा त्याचं प्राथमिक शाळेचं वय उलटून गेलेलं. दुसरा तेव्हा चार वर्षांचा, म्हणजे शाळा अगदी वेळेवर आली. अशी तुलना भरपूर शाळा मिळालेल्या जिल्ह्यांत करायची आणि कमी शाळा मिळालेल्या जिल्ह्यांतही करायची. 1995 च्या पाहणीत हे सगळे कर्ते झालेले होते. पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत मोठ्यांपेक्षा धाकटे सरासरी 0.47 वर्षं जास्त शिकले होते, दुसऱ्या प्रकारच्या जिल्ह्यांत 0.36 वर्षं. शिक्षण सगळीकडेच वाढत होतं. वरचा फरक शाळांचा. पण हे जिल्हे आधीपासूनच वेगाने पुढे सरकत असतील तर? म्हणून डुफ्लो यांनी योजनेआधीच्याच दोन पिढ्या घेऊन तीच तुलना केली, आणि तिथे असा फरक जवळजवळ आढळला नाही. माझ्या मते या निबंधातली सर्वांत विश्वासार्ह गोष्ट हीच.

निष्कर्ष असा: दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली की शिक्षण 0.12 ते 0.19 वर्षांनी आणि मजुरी 1.5 ते 2.7 टक्क्यांनी वाढली. म्हणजे शिकलेल्या प्रत्येक वर्षामागे कमाईत सुमारे 6.8 ते 10.6 टक्क्यांची भर. मिन्सर यांच्या पद्धतीने काढलेला आकडाही याच्याच आसपास येतो. घरची गरिबी तशीच असताना, नुसती शाळा जवळ आली म्हणून कमाई वाढली. त्या बापाला हे उत्तर छातीठोकपणे देता येईल.

मुलींची कथा मात्र वेगळी निघाली. इंडोनेशियाच्या काही समाजांत लग्नात वराकडचे वधूच्या घरी देज देतात, आणि मुलगी शिकलेली असली की देज वाढतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की, नव्या शाळांमुळे मुलींचं शिक्षण वाढलं ते अशाच समाजांत, इतरत्र नाही. शाळा दाराशी आली तरी मुलीला तिथे पाठवायचं की नाही, हा निर्णय घरात होतो.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. डुफ्लो यांनी नंतर त्याच जिल्ह्यांतल्या मोठ्या पिढीकडे पाहिलं. कामकऱ्यांत प्राथमिक शिक्षण झालेल्यांचं प्रमाण 10 टक्केबिंदूंनी वाढलं की, ज्यांना त्या शाळांचा लाभच झाला नव्हता, त्या वयाने मोठ्या लोकांची मजुरी 4 ते 10 टक्क्यांनी घसरली. कारण शिकलेले हात झपाट्याने वाढले, पण त्या हातांना लागणारी यंत्रं, कारखाने, भांडवल त्या गतीने वाढलं नाही. तेवढ्याच कामासाठी शिकलेले उमेदवार जास्त झाले. या लोकांचा दोष एवढाच की ते काही वर्षं आधी जन्मले. सरकारने शाळा बांधल्या हे योग्यच केलं. शिकून बाहेर पडणाऱ्यांसाठी काम कुठून येणार, याचा आराखडाही त्याच वेळी व्हायला हवा होता.

आपल्या देशात हा पेच वरच्या पायरीवर दिसतो. इथे निरक्षरांपेक्षा पदवीधरांमध्ये बेकारीचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. ते कशामुळे, हे पुढच्या आठवड्यात पाहू.