मोठा रंधा घरी आणण्यापूर्वी

आदिलाबादच्या सागवानाची कीर्ती व्यापारी बंधूंस आम्ही सांगावी असे नाही. आमचा व्यवसाय धान्याचा. परंतु जुन्या कोठारातून सागाच्या फळ्या निघाल्या आणि चिरंजीवांच्या परसातील लहानशा सुतारशाळेत मोठ्या रंधायंत्राचा प्रश्न उभा राहिला. फळी १५ इंच रुंद, हाताशी असलेल्या यंत्राचे तोंड १२ इंच. फळी उभी चिरून पुन्हा सांधावी, तर वडिलांच्या काळचा तो अखंड साग गेलाच!

मोठे यंत्र रुंदी देते, सरळपणा देत नाही. रूळ फळीस दाबून पात्यांखालून ओढतात. पिळलेली फळी बाहेर पडताच पूर्ववत पिळते. म्हणून एक अंग आधी हातरंध्याने सपाट करावेच लागते. निर्मलच्या (२०१६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यातील) खेळण्यांचे पोनिकी लाकूड मऊ; सागाची गोष्ट निराळी. त्यातील सिलिकेमुळे पाती लवकर बोथटतात. हा धारेचा खर्च किमतीत कोण धरतो? शिवाय मोठ्या यंत्रास पुष्कळदा तीन फेजची वीज लागते आणि भुसा ओढून घेणारी सोयही.

हा सर्व हिशेब मांडून आम्ही संमती दिली आहे; मात्र यंत्रात पहिली फळी आंब्याची घालावयाची, कोठाराची नव्हे.