पदवी हाती, तरी अमीरपेटची वाट

हैदराबाद मेट्रोच्या लाल आणि निळ्या मार्गिका एकत्र येतात त्या अमीरपेट स्थानकाबाहेर पडले की प्रथम नजरेत भरतात ते फलक. जावा, पायथन, सॅप, टेस्टिंग, क्लाऊड, डेटा सायन्स. मैत्रीवनम आणि आदित्य एन्क्लेव्हच्या परिसरात अशा खासगी प्रशिक्षण वर्गांची दाटी आहे. अभ्यासक्रम काही महिन्यांचा, शुल्क काही हजारांचे. भोवतालची वसतिगृहेही याच विद्यार्थ्यांवर चालतात. हे विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडलेले असतील असा समज होण्याची शक्यता आहे. वस्तुतः त्यांतील पुष्कळांपाशी अभियांत्रिकीची पदवी असते.

पदवी असताना पुन्हा वर्ग का? १९९८ मध्ये हायटेक सिटीतील सायबर टॉवर्स उभे राहिले आणि शहरात सॉफ्टवेअर व्यवसायाने मूळ धरले. संयुक्त आंध्र प्रदेशात पुढे वाय. एस. राजशेखर रेड्डी सरकारच्या शुल्क प्रतिपूर्ती योजनेमुळे अभियांत्रिकीचे दार गरीब घरांतील मुलांनाही उघडले. महाविद्यालयांची संख्या भराभर वाढून सातशेच्या आसपास गेली. त्या वेगाने चांगले अध्यापक आणि सुसज्ज प्रयोगशाळा मिळणे अशक्य होते. पदवीधर वाढले, परंतु कंपनीला पहिल्याच महिन्यात हवे असलेले काम अनेकांना येईना. ही उणीव अमीरपेटने भरून काढली, आणि तिचा धंदाही केला.

यावरून पदवी निरुपयोगी ठरली असे अनुमान काढणे मात्र घाईचे होईल. अमीरपेटमधील वर्ग कौशल्य देतो. मुलाखतीचे बोलावणे तो देऊ शकत नाही. हजारो अर्ज आले की कंपनी प्रथम चाळणी लावते. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर किमान साठ टक्के गुण, एकही विषय राहिलेला नको, ही त्यातली परिचित अट. कौशल्याची परीक्षा होते ती या चाळणीतून उरलेल्यांची. ज्याच्यामागे ओळखपाळख नाही, घरचा व्यवसाय नाही, इंग्रजी संभाषणाचा सराव नाही, त्याच्यासाठी तर कागदाचा तो तुकडा हाच एकमेव परिचय असतो. पदवीवाचून चालते, हे सांगणारे बहुधा या वर्गातले नसतात.

अमीरपेटला लागूनच बेगमपेट आहे. तेथील हैदराबाद पब्लिक स्कूलमध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला शिकले. आयआयटीची प्रवेश परीक्षा ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. १९८८ मध्ये मणिपालहून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत विस्कॉन्सिनला संगणकशास्त्र शिकण्यास गेले. संस्थेचे नाव आड आले नाही. पण पदवी नसती तर पुढील शिक्षणाचा तो मार्ग खुलाच झाला नसता. कॉलेज सोडलेले बिल गेट्स आणि मार्क झुकरबर्ग यांची उदाहरणे मुलांना सांगताना ते दोघेही हार्वर्डमध्ये प्रवेश मिळवून बाहेर पडले, एवढे आठवले तरी पुरे.

पदवीशिवाय भरतीचे प्रयोग आपल्याकडेही झाले आहेत. एचसीएलची टेकबी योजना बारावी झालेल्यांना प्रशिक्षण देऊन कामावर घेते, आणि नोकरी करता करता विद्यापीठात पदवीचा अभ्यासही करू देते. विप्रो तीन वर्षांच्या पदवीधरांना घेऊन कामासोबत एम.टेक. करविते. कंपन्याच आपल्या खर्चाने पदवीची सोय करतात, हे बोलके आहे. तेलंगण सरकारने २०२४ मध्ये कौशल्याभिमुख शिक्षणासाठी ‘यंग इंडिया स्किल्स युनिव्हर्सिटी’ स्थापन केली आणि तिच्या अध्यक्षपदी आनंद महिंद्र यांना नेमले. कौशल्यालाही विद्यापीठाची मोहर हवीशी वाटते, ती ही अशी.

या सगळ्याची काळी बाजूही त्याच गल्ल्यांत आहे. पदवी आहे पण अनुभव नाही, अशा तरुणांना बनावट अनुभवपत्रे विकणारे दलाल तेथे वावरतात. पार्श्वभूमीची पडताळणी नोकरी लागल्यावरही होते. खोटे उघडकीस आले की नोकरी जाते आणि कलंक राहतो. गोव्यातून हैदराबाद, बंगळूर वा पुण्याला जाणाऱ्या मुलांनी ‘अनुभवासह नोकरीची हमी’ ही जाहिरात दिसताच सावध व्हावे.

गोमंतकीय पालकांचा विचार बहुधा सरकारी नोकरीपासून सुरू होतो. तेथे पदाला पदवीची अट असेल, तर कौशल्याचा युक्तिवाद चालत नाही. वैद्यक आणि वकिली यांतही सूट नाही. सनदी लेखापाल मात्र बारावीनंतर थेट त्या अभ्यासक्रमाकडे वळू शकतो. खासगी क्षेत्रात पहिल्या नोकरीला पदवीचे वजन सर्वाधिक. चार-पाच वर्षांनी हातून झालेले काम विचारले जाते, महाविद्यालय क्वचितच.

परदेशी जाताना ते वजन पुन्हा वाढते. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसासाठी चार वर्षांच्या तेथील पदवीशी समकक्ष पात्रता लागते. शिक्षण अपुरे असल्यास महाविद्यालयाच्या प्रत्येक उणे वर्षाबद्दल त्या क्षेत्रातील तीन वर्षांचा अनुभव धरला जातो. म्हणजे पदवी मुळीच नसेल तर बारा वर्षे. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. तेथे अनेकदा एका वर्षाने कमी पडते. नव्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाचा पर्याय दिला आहे. तो घ्यावा की तेच वर्ष एखाद्या कामावर घालवावे, हे ठरविताना मुलाला पुढे कोठे जायचे आहे हे आधी विचारलेले बरे.